उन्हात ठेवलेले सेल

प्रस्तावना

आमच्या लहानपणी बॅटरी म्हणजे टॉर्च. ‘बॅटरी घेऊन जा, पायाखाली बघ’ असं आजी म्हणायची तेव्हा तिच्या मनात तो पत्र्याचा, पुढे काच असलेला लांबट दिवा असायचा. त्यात घालायचे ते सेल. सेल उतरले की उजेड आधी पिवळा पडायचा, मग तांबूस, आणि शेवटी काचेमागे नुसता लाल धागा दिसायचा. म्हणून कुणी सेल फेकून देत नसे. ते काढून कौलांवर नाहीतर अंगणातल्या दगडावर उन्हात ठेवायचे. दोन दिवसांनी त्यांत थोडी धुगधुगी यायची आणि आणखी चार रात्री निभावायच्या. कुणी सेल दाताखाली धरून चेपायचं. टॉर्चला नकोसे झालेले सेल भिंतीवरच्या घड्याळात वर्षभर चालायचे.

यात वेडेपणा काही नव्हता. त्या सेलचं बाहेरचं भांडं जस्ताचं, आत नवसागराचा ओला लगदा, मधोमध कोळशाची कांडी आणि तिच्याभोवती मँगनीजची काळी भुकटी. ऊब मिळाली की आतली थबकलेली रासायनिक क्रिया पुन्हा थोडी हलायची. चेपलं तर सुटलेला संपर्क पुन्हा जुळायचा. वाईटात वाईट काय, तर सेल पाझरायचा, टॉर्चची नळी चिकट व्हायची आणि स्प्रिंगला गंज चढायचा. ज्या वस्तूकडून एवढाच धोका, तिच्याशी माणसं सैलपणे वागली. तेच हात आणि तीच काटकसर घेऊन आपण लिथियमच्या काळात आलो.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर वाळवणाच्या कडेला मला एक पॉवर बँक ठेवलेली दिसली. दोन्ही बाजूंनी टम्म फुगलेली, शिवण उसवावी तशी तिची कड उघडी पडलेली. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी ती आणून ठेवली होती. ‘जरा ऊन लागू द्या सर, बसेल खाली,’ ते म्हणाले. शेजारी कुरडया वाळत होत्या, दोन नातवंडं चप्पल न घालता पळत होती. मी ती पॉवर बँक जाड कापडात धरून वाळूने भरलेल्या पातेल्यात ठेवली आणि पातेलं गच्चीच्या मोकळ्या कोपऱ्यात सरकवलं. आजोबांना माझी घाई समजेना. समजण्यासारखं त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. त्या दुपारी हे पुस्तक लिहायचं ठरलं.

मी राहतो ते महाळुंगे मुळशी तालुक्यातलं. बहुतेक जण म्हाळुंगे म्हणतात. चाकणकडेही एक म्हाळुंगे आहे, त्यामुळे मी पत्त्यात तालुका लिहायला चुकत नाही. एका बाजूला बालेवाडी, दुसऱ्या बाजूला मुळा नदी आणि नदीपलीकडे हिंजवडीच्या काचेच्या इमारती. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी इथे श्री शिवछत्रपती क्रीडानगरी उभी राहिली, तेव्हा पुढे रस्ता होता आणि मागे शेती. ३० जून २०२१ ला पुणे महापालिकेत जी २३ गावं घेतली गेली त्यांत हेही आलं. आज एकेका इमारतीत वीस-वीस मजले आणि शेकडो घरं. प्रत्येक घरात दोन-तीन मोबाइल, लॅपटॉप, कानात घालायचे ब्लूटूथ, दाढीचं ट्रिमर, मुलांची रिमोटवरची गाडी, पॉवर बँक, आणि आता खाली पार्किंगमध्ये विजेवरची स्कूटर. वीज गेली तर पूर्वी कंदील लावायचे, आता घरात किती लिथियम आहे याची मोजदादही कुणाजवळ नसते.

नोकरी संपल्यावर मी रविवारी सकाळी सोसायटीच्या एका खोलीत टेबल मांडून बसू लागलो. मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, स्क्रू ड्रायव्हरचा संच. लोक बिघडलेल्या वस्तू आणतात. जे सुटतं ते सोडवायचं, नाही त्याला नाही म्हणायचं. चाळीस वर्षं तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून जे उमगलं नाही, ते या टेबलावर उमगलं. लोकांना सर्किट कळत नाही ही अडचण नाही. आपल्या हातातली वस्तू नेमकी कोणी बनवली, तिच्या आत काय आहे आणि ती बिघडली तर विचारायचं कुणाला, हे कळायला वाटच नाही, ही अडचण आहे.

याची सगळ्यात ठळक खूण एका एकोणीस वर्षांच्या मुलाने दिली. नदीपलीकडे खोली घेऊन राहणारा, कॉलेजात शिकणारा. त्याने खिशातून एक धातूची नळी काढली, झाकण फिरवून आतला सेल टेबलावर ठेवला आणि विचारलं, ‘सर, यात कोणता सेल सेफ राहील?’ सेलचं प्लास्टिकचं वेष्टण वरच्या कडेला फाटलेलं होतं. ती नळी इलेक्ट्रॉनिक सिगारेट होती.

त्या प्रश्नाला दोन उत्तरं होती आणि दोन्ही मला त्याला द्यावी लागली. पहिलं कायद्याचं. केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश काढून ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आणली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. साठवण सोडून बाकीच्यांत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. ही वस्तू दुरुस्त करणं माझं काम नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. निकोटिनचं व्यसन लागतं, आणि या वयात ते अधिक खोल लागतं, हेही सांगितलं. पण एवढ्यावर त्याला परत पाठवलं असतं, तर तो त्याच फाटक्या वेष्टणाचा सेल खिशात किल्ल्यांबरोबर टाकून दुचाकीवर बसून गेला असता. म्हणून दुसरं उत्तर द्यायला मी त्याला खुर्ची ओढून दिली.

त्या सेलचं नाव १८६५०. नावातच त्याचं माप आहे: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. दिसायला तो आपल्या जुन्या टॉर्चच्या सेलचा धाकटा भाऊ वाटतो आणि सगळी फसगत तिथेच होते. जुन्या सेलचा दाब दीड व्होल्ट. हा पूर्ण भरला की ४.२ व्होल्टवर असतो. एका चांगल्या सेलमध्ये साधारण ११ वॉट-तास ऊर्जा मावते, म्हणजे जवळपास एक कप चहाचं पाणी उकळेल इतकी. ती विजेच्या रूपात हळूहळू बाहेर आली तर टॉर्च रात्रभर चालते. तीच काही सेकंदांत उष्णता होऊन बाहेर आली तर काय, याचा अंदाज प्रत्येकाने करावा. आणि ही फक्त साठवलेल्या विजेची गोष्ट झाली. आत जो द्रव असतो तो पाणी नव्हे, पेट घेणारं सेंद्रिय द्रावण असतं. त्याची आग वेगळी.

या सेलचं बाहेरचं सगळं धातूचं अंग ऋण टोक असतं. धन टोक म्हणजे वरची छोटी टिकली, आणि दोघांमध्ये अंतर असतं ते एखाद्या मिलिमीटरचं. मध्ये एक कागदी चकती आणि वरून ते पातळ प्लास्टिकचं वेष्टण. वेष्टण फाटलं की खिशातलं नाणं किंवा किल्ली टिकलीपासून अंगापर्यंत टेकायला पुरे. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळात माध्यमांत आलेल्या ई-सिगारेटच्या स्फोटांची आणि आगींची नोंद गोळा केली. एकूण १९५ घटना. त्यांतल्या ६१ घटनांत यंत्र किंवा सुटा सेल खिशात होता. म्हणजे ती ओढणारा त्या क्षणी ओढतही नव्हता, रांगेत उभा असेल, गाडी चालवत असेल. ६० घटना वापरताना घडल्या आणि ४८ चार्जिंगला लावलेल्या असताना. यातला खिशाचा आकडा मी त्या मुलाला कागदावर मोठा लिहून दाखवला. त्याने न बोलता खिशातल्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या.

मग आम्ही गणित मांडलं. शाळेतला ओहमचा नियम, दुसरं काही नाही. त्याच्या नळीतल्या तारेचा रोध ०.२ ओहम. सेल ४.२ व्होल्ट. भागाकार केला की २१ अँपिअर. घरातला दोन हजार वॉटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण ९ अँपिअर घेतो, आणि त्याच्यासाठी आपण जाड वायर, वेगळं बटण आणि वेगळा एमसीबी लावतो. इथे त्याच्या दुपटीहून जास्त प्रवाह बोटाएवढ्या सेलमधून आणि तोही तोंडाजवळ. आता सेल कोणता, हा प्रश्न आला. त्याला वाटत होतं, जास्त एमएएचचा सेल म्हणजे चांगला सेल. बाजारात सगळ्यांनाच तसं वाटतं. पण १८६५० च्या ठरलेल्या पोटात एकतर जास्त साठा बसतो नाहीतर जास्त प्रवाहाची सोय. सॅमसंगचा ३५ई हा ३५०० एमएएचचा सेल सतत ८ अँपिअर देण्यासाठी बनवलेला आहे, त्यांचाच २५आर हा २५०० एमएएचचा सेल २० अँपिअरसाठी. हंडा मोठा हवा की तोटी मोठी हवी, असं हे आहे. ज्याने अधिक पैसे देऊन मोठा हंडा घेतला आणि त्याच्यावर २१ अँपिअरचं ओझं टाकलं, त्याने पैसे मोजून धोका घरी आणला.

आणि हा खऱ्या सेलचा हिशेब झाला. त्याच्या सेलवर छापलं होतं ९९०० एमएएच. १८६५० मध्ये एवढा साठा कुणालाही भरता आलेला नाही. चांगल्या कंपन्यांची मजल साडेतीन हजारांच्या आसपास आहे. मी तो छोट्या वजनकाट्यावर ठेवला. अस्सल १८६५० सेल पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस ग्रॅम भरतो. हा तिशीच्या आतबाहेर होता. कुठल्यातरी जुन्या पॅकमधून काढलेला किंवा निम्मा रिकामा सेल, नवीन रंगीत वेष्टण घालून विकलेला. कुणाकडून घेतला, हे त्याला सांगता येईना. बिल नाही, दुकान नाही, फोनवरून आलेला एक निरोप आणि पार्सल.

माझं म्हणणं इथे येऊन थांबतं आणि पुस्तकातली सगळी प्रकरणं याच्याभोवती फिरतात. सेलची सुरक्षितता त्याच्या पत्र्यात नसते. ती असते त्याच्यामागे कुणाचं नाव उभं आहे यात. ज्या वस्तूची विक्रीच चोरून होते, तिच्यातला सेल चांगला निवडायचा कसा, याला माझ्याजवळ खरोखर उत्तर नाही, कारण निवडायला लागणारी माहिती त्या व्यवहारात कुठेच नसते. खुद्द सेल बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या सांगतात की हे सुटे सेल किरकोळ गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला बनवलेले नाहीत, ते संरक्षक सर्किट असलेल्या पॅकच्या आत बसवायला बनवले आहेत. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानेही जानेवारी २०२१ मध्ये लोकांना हेच बजावलं: सुटे १८६५० विकत घेऊ नका. बंदी नसलेल्या देशात ही स्थिती, तर इथलं काय बोलावं.

मी तो सेल ठेवून घेतला. मुलगा नळी घेऊन गेला की वाटेत टाकून गेला, मी विचारलं नाही. मात्र कुणी असला सेल घेऊन आलं तर आधी सेल सुरक्षित ठेवायचा आणि नंतर बाकीचं बोलायचं, हा नियम मी टेबलाला लावून घेतला आहे. पालकांनाही माझी हीच कळकळीची विनंती आहे. पोरगं ओरडा बसेल म्हणून फुगलेली, तापणारी वस्तू गादीखाली लपवतं, आणि आग गादीखालीच लागते.

आता थोडं सेलच्या पोटातलं. पुस्तकात याला दोन प्रकरणं दिली आहेत, इथे फक्त ओळख. सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली. तिच्या पायाभरणीसाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. आपल्याकडे ई-सिगारेटवर अध्यादेश निघाल्याला तीनच आठवडे झाले होते. एकाच शोधाची ही दोन टोकं त्या शरद ऋतूत शेजारी शेजारी आली, याचं मला अजून नवल वाटतं. ज्या सेलने डोंगरातल्या पाड्यावर सौरदिवा पोचवला, त्याचा मी चाहता आहे. हे पुस्तक घाबरवायला लिहिलेलं नाही.

सेलमध्ये दोन लांब पट्ट्या असतात, तांब्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लेप दिलेल्या. त्यांच्यामध्ये केसाहून पातळ प्लास्टिकचा पडदा, आणि सगळं मिळून सुरळी केलेलं. लिथियमचे आयन पडद्यातून ये-जा करतात. भरताना एका बाजूला, वापरताना दुसऱ्या. पडदा शाबूत तोवर सगळं ठीक. सेल शंभर अंशांच्या आसपास तापला की आतल्या लेपावरचं संरक्षक कवच मोडायला लागतं आणि स्वतःच उष्णता सोडतं. साधारण १३० अंशांना पॉलिथीनचा पडदा वितळतो. मग दोन पट्ट्या एकमेकींना भिडतात, तापमान आणखी चढतं, धन बाजूचं संयुग ऑक्सिजन सोडतं आणि आगीला बाहेरच्या हवेचीही गरज उरत नाही. उतारावर हँडब्रेक सुटलेल्या गाडीसारखी ही क्रिया आहे: एकदा वेग घेतला की हात लावून थांबत नाही. निघणाऱ्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. म्हणून अशा आगीजवळ ‘काय झालं बघू’ म्हणून वाकायचं नाही.

याच घराण्यातला लिथियम आयर्न फॉस्फेट हा सेल स्वभावाने शांत. त्याचा दाब कमी, ३.२ व्होल्ट. तेवढ्याच वजनात साठाही कमी. पण तो ऑक्सिजन सहजी सोडत नाही, आणि नीट वापरला तर दोन हजारांहून जास्त वेळा भरता येतो. घरच्या इन्व्हर्टरला लिथियम घ्यायचं असेल तर मी हाच घ्यायला सांगतो. खिशात वजन मोजून घ्यावं लागतं, इन्व्हर्टर काही कुणी खिशात घालत नाही.

जुन्या सवयींपैकी एक सवय मात्र जिवावर बेतू शकते, म्हणून तिच्यावर मी पुस्तकात पुन्हा पुन्हा बोललो आहे. मेलेला सेल जिवंत करायची. लिथियमचा सेल ठरलेल्या किमान दाबाच्या फार खाली जाऊन बराच काळ पडून राहिला की आतल्या पत्र्याचं तांबं द्रावणात विरघळू लागतं. पुन्हा चार्ज करताना तेच तांबं भलत्या जागी जाऊन बसतं आणि आतल्या आत शॉर्ट तयार होतो. चांगला चार्जर असा सेल ओळखतो आणि नाकारतो. पण दुरुस्तीच्या दुकानांत त्याला दुसऱ्या सेलवरून ‘झटका’ देऊन उठवतात, आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. तो सेल आज चालतो, आठ दिवस चालतो, आणि मग एखाद्या रात्री चार्जिंगला असताना तापतो. उन्हात ठेवलेल्या सेलची पुण्याई इथे लागू नाही.

दुसरी जुनी सवय इन्व्हर्टरची, तीही तशीच. शिशाच्या बॅटरीला कायम चार्जिंगवर ठेवलं तरी चालतं, उलट तेच बरं. पाणी तेवढं वेळेवर घालायचं. लिथियमला ठरलेल्या दाबाच्या वर (१८६५० ला ४.२ व्होल्ट) रेटलेलं सोसत नाही. म्हणून त्याचा चार्जर आधी ठरावीक प्रवाह देतो, मग ठरावीक दाबावर येतो आणि प्रवाह घटला की स्वतः बंद होतो. पुण्याच्या तापकीर गल्लीच्या बाजारात मिळणारा कुठलाही ‘पिन बसते ना’ चार्जर हे करीलच असं नाही. पिन बसणं आणि चार्जर जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महिनोन्महिने ठेवून द्यायची वस्तू निम्मी भरून ठेवावी, आणि उन्हातून तापून आलेली वस्तू गार होईपर्यंत चार्जिंगला लावू नये, एवढ्या दोन सवयींनी सेलचं आयुष्य वाढतं.

स्कूटरबद्दल लिहिताना हात जड होतो. दोन-तीन किलोवॉट-तासांची बॅटरी म्हणजे त्या चहाच्या कपांचा हिशेब लावला तर एकशेऐंशी ते पावणेतीनशे सेल एका पेटीत. २६ मार्च २०२२ ला पुण्याच्या लोहगावात रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटली, तिची चित्रफीत घराघरांत पोचली. त्याच वर्षी सप्टेंबरात वसईत रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि बैठकीच्या खोलीत झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजून दगावला. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी अशा गाड्या पेटल्यावर सरकारने त्यांच्या बॅटरीसाठीचं एआयएस १५६ हे मानक कडक केलं. पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून, दुसरा ३१ मार्च २०२३ पासून. सेलमध्ये पुरेसं अंतर, तापमान मोजणारे सेन्सर, जादा चार्जिंग तोडणारी व्यवस्था, सेलच्या उत्पादनाची तारीख स्पष्ट दिसणं, आणि एक सेल बिघडला तरी पूर्ण पॅक पेटणार नाही याची चाचणी. या चाचण्या घेणाऱ्या संस्थांपैकी एआरएआय आमच्यापासून फार लांब नाही, १९६६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था कोथरूडच्या वेताळ टेकडीवर आहे. टेकडीवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी तिच्या भिंती पाहिल्या आहेत. आपल्या पार्किंगमधली स्कूटर असल्या चाचणीतून गेली आहे का, हे विचारायचं मात्र सुचत नाही. स्वस्तात दुसऱ्याकडून बांधून घेतलेला बदली पॅक कधीच गेलेला नसतो.

पॉवर बँक, मोबाइल आणि त्यांचे सेल यांच्यासाठी भारतीय मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणी आहे. लिथियम सेलचं मानक आयएस १६०४६. वस्तूवर ब्यूरोचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक छापलेला असतो. ब्यूरोच्या मोबाइल ॲपमध्ये तो क्रमांक घातला की वस्तू कोणाच्या नावावर नोंदलेली आहे ते दिसतं. क्रमांक घालून बघायला अर्धा मिनिट लागतो. गेल्या वर्षी रविवारच्या टेबलावर आलेल्या पॉवर बँकांचे क्रमांक मी लोकांनाच घालून बघायला लावले. छापलेलं नाव एक आणि उमटलेलं दुसरंच, असं निघालं की त्यांचे चेहरे पडायचे. बिल मागायची सवय तिथून लागते, माझ्या व्याख्यानाने नाही.

शेवटचं प्रकरण सेलच्या मरणावर आहे आणि ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी बॅटरी बनवणाऱ्यावर ती परत गोळा करायची जबाबदारी टाकली. बॅटरीवर फुली मारलेल्या कचराकुंडीचं चित्र असतं, त्याचा अर्थ ही कुंडीत टाकू नका. तरी आपण टाकतो. कचऱ्याच्या गाडीत दाबयंत्राखाली सेल चिरडला की गाडी आतून पेटते. आणि त्याआधी तो सेल एका बाईच्या हातातून जातो. पुण्यात घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या आणि तो हातांनी निवडणाऱ्या बहुतेक स्त्रिया आहेत. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून त्यांची संघटना आहे, आणि तिच्यातूनच उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेबरोबर काम करते. आमच्याकडे येणाऱ्या ताई एकदा म्हणाल्या, ‘सर, ते छोटं रंगीत काडीसारखं असतं ना, ते हातात गरम लागतं कधीकधी.’ ती एकदा वापरून फेकायची ई-सिगारेट. तिच्यातही चार्ज शिल्लक असलेला लिथियम सेल असतो. ब्रिटनने १ जून २०२५ पासून अशा फेकाऊ नळ्यांची विक्री बंद केली, कचऱ्याचा भार हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. इथे त्या येऊच नयेत असा कायदा आहे, आणि तरी त्या ताईंच्या हाताला गरम लागतात.

तेव्हापासून आमच्या इमारतीत जिन्याखाली झाकणाची एक पत्र्याची बादली आहे, निम्मी वाळू भरलेली. सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावायची आणि बादलीत ठेवायचा. बादली काठापर्यंत भरू द्यायची नाही. ती ई-कचरा घेणाऱ्यांकडे पोचवायची पाळी तीन-तीन घरांकडे असते. पहिल्या महिन्यात त्या बादलीत एकट्या आमच्या विंगेतून एकेचाळीस सेल निघाले. त्यांतले सात फुगलेले होते. गच्चीवरचे आजोबा आता बादलीचे कारभारी आहेत. चिकटपट्टी नसेल तर ते सेल परत पाठवतात.

पुस्तकाची भाषा मी टेबलावरची ठेवली आहे. ‘पॅक’, ‘चार्जर’, ‘शॉर्ट’ हे शब्द तसेच आहेत, कारण लोक तेच बोलतात. सूत्रं चारच आहेत. आकृत्या माझ्या एका विद्यार्थिनीने काढल्या. आगीच्या प्रकरणात काय करावं ते मोठ्या अक्षरांत एका पानावर दिलं आहे. ते पान कापून पार्किंगमध्ये चिकटवता यावं म्हणून त्याची मागची बाजू कोरी ठेवली आहे: माणसं बाहेर काढा, दार ओढून घ्या, मेन स्विच पाडा, १०१ ला फोन करा. छोटी वस्तू असेल आणि वीज तोडलेली असेल तर लांबून भरपूर पाणी ओता, कारण शेजारचे सेल गार ठेवणं हाच उपाय आहे. पावडरचा सिलिंडर ज्वाळा दाबतो, पण सेलच्या आतली उष्णता त्याने कमी होत नाही.

टेबल अजून रविवारी दहा ते एक लागतं. जुना चार्जर, फुगलेला मोबाइल, मुलाच्या दप्तरात सापडलेली काडी, काहीही आणा. सेल आणताना तेवढी टोकांना चिकटपट्टी लावून आणा.

महाळुंगे, ता. मुळशी